पुढच्या चाकाच्या दारावरचा अंगठा

या सदरातले अनुभव मी आजवर गंमत म्हणून वाचत आलो. कुणाला पावलं ऐकू आली, कुणाला सावली दिसली... मी मनात म्हणायचो, झोप झाली नसेल बिचाऱ्याची. आज स्वतःच लिहायला बसलोय. पण खरं सांगू का, मला भीती कधी वाटलीच नाही. लाज वाटली. अजून वाटते. जमेल तसं सांगतो.

आम्ही कांदिवली पश्चिमेला, चारकोपच्या बैठ्या घरात राहतो – आई, बाबा आणि मी. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू आहे. मला एक नाद आहे. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर असतो ना, त्यातल्या विमानांना मी वेगवेगळ्या एअरलाइन्सचे रंग देतो. पट्टे, नाव, शेपटीवरचं चिन्ह... या सगळ्याला मिळून लिव्हरी म्हणतात. शिंप्याने कापड कापून पसरावं तसं पांढऱ्या विमानाचं एक सपाट चित्र मिळतं. त्यावर रंगवायचं, सिम्युलेटर ते विमानावर गुंडाळतो. मग ती फाइल हाच नाद असलेल्यांच्या ऑनलाइन फोरमवर टाकायची. कुठले कुठले लोक ती उतरवून घेतात.

बाबांनी खरी विमानं रंगवली आहेत. एका एअरलाइनच्या हँगरमध्ये ते पेंटर होते. ती बंद पडून बरीच वर्षं झाली. आता ते सोसायट्यांची गेटं आणि ग्रिलं रंगवतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच एअरलाइनचं विमान करायला घेतलं. रविवारी जेवण झालं की बाबा प्लास्टिकची खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसायचे. खिडक्यांखालचा पट्टा एवढा सरळ नको म्हणाले, दरवाज्यापाशी रंगाच्या कडेला लावायची टेप नीट वळत नाही, तिथे तो बोटभर वर चढायचा. शेपटीचा नारिंगी थोडा गडद कर, तो दुसऱ्या डब्यातला असायचा. मी जुने फोटो शोधून ताडून बघायचो. दरवेळी त्यांचंच बरोबर.

फोरमवर टाकलं आणि लोक खूश झाले. एकाने विचारलं, इतके बारकावे तुला कुठून कळले? मी इंग्रजीत लिहिलं – माझे वडील तिथे एअरक्राफ्ट इंजिनिअर होते.

त्यांचा हुद्दा कुणी विचारलाच नव्हता. पण कॉलेजात पहिल्या दिवशी मी हेच सांगून बसलो होतो, त्यामुळे हात आपोआप तेच टाइप करून गेला.

चौथ्या दिवशी हॉलंडच्या एका माणसाने सिम्युलेटरमधला एक फोटो टाकला, खाली माझं तेच उत्तर जोडून. विमान जमिनीवर उभं, कॅमेरा पोटाखाली. पुढचं चाक पोटात गेलं की ते झाकणारी दोन दारं असतात, त्यातल्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला नारिंगी रंगाचा अंगठा उमटला होता. अंगठ्यातून एक बारीक तिरपी रेघ कोरी सुटलेली. त्याने लिहिलं होतं, ही कल्पना फार आवडली.

मी तिथे काहीच रंगवलं नव्हतं. फाइल उघडून एकेक लेयर बघितला. पांढरं. माझ्या लॅपटॉपवरही दार पांढरं. आणि मुख्य म्हणजे त्या मॉडेलमध्ये दोन्ही दारांना चित्राचा एकच तुकडा लागतो. एका दारावर काही काढलं तर ते दुसऱ्यावरही दिसतंच. याच्या फोटोत फक्त डाव्या दारावर होतं. मला वाटलं, मस्करी करतोय. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी फोटो टाकले. तोच अंगठा, तीच रेघ.

रविवारी मी मोबाइल बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला आणि फोटो मोठा केला. बाबा माझ्याशी साधं मराठी बोलतात. मालवणी बोलतात ती फक्त गावच्या माणसांशी, नाहीतर आतून हलले असले की.

"ह्यो माझो," ते म्हणाले.

मग डावा अंगठा मोबाइलच्या शेजारी ठेवला. तरुणपणी टेप कापताना ब्लेड लागलं होतं, त्याचा तिरपा व्रण. मी जन्मापासून बघत आलेला. हँगरमध्ये पेंटर लोकांची एक रीत होती म्हणे. विमान सोपवायच्या आधी शेवटचा हात ज्याचा, त्याने उरलेल्या रंगाचा अंगठा त्या दाराच्या आत उमटवायचा. साहेबांना कळू द्यायचं नाही. बाबांनी हे घरी कधीच सांगितलं नव्हतं.

"तुला कोण बोललं रे?"

कोणीच नाही, मी काढलेला नाही, असं मी म्हणालो. तोवर त्यांचं बोट खाली सरकलं होतं. फोटोखालीच माझं उत्तर होतं. बाबा इंग्रजी अक्षरं जुळवत वाचतात, रंगाच्या डब्यांवरून शिकलेत. "माय... फादर..." बोट पुढच्या शब्दांवर अडखळत गेलं आणि इंजिनिअरवर थांबलं. तो शब्द त्यांना ओळखीचा होता.

मोबाइल माझ्या हातात दिला. आईला म्हणाले, "चहा टाक गं." बस. त्या रविवारी खुर्ची भिंतीलाच राहिली.

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी दोन दिवस त्यांच्यासमोर जेवायला बसलो नाही, काहीतरी कारण काढलं. मग फोरमवर लिहिलं – मी खोटं बोललो, माझे वडील पेंटर होते, ही विमानं त्यांनी हाताने रंगवली, मी फक्त नक्कल केली. कुणी वाईट बोललं नाही. हॉलंडवाल्याने एवढंच लिहिलं की वडिलांचं नाव फाइलमध्ये टाक.

बाबा पायरीवर बसून टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होते. मी विचारलं, तुमचं नाव टाकू का? त्यांनी वर बघितलं नाही.

"नाव कित्याक व्हया? आंगठो आसा मां थंय."

ती फाइल मी आमच्या कॉलेजातल्या सरांनाही दाखवली. त्यात अंगठा कुठेच नाही, असू शकत नाही, असंच ते म्हणाले. तरी जो कोणी उतरवून घेतो त्याला डाव्या दारावर तो दिसतो. का, ते मला आजही सांगता येत नाही.

परवाच्या रविवारी बाबा पुन्हा खुर्ची घेऊन शेजारी बसले. मी कॅमेरा विमानाच्या पोटाखाली नेला. त्यांनी बघितलं आणि हळूच मान डोलावली, आपली वस्तू जागेवर असल्यासारखी.

मला ते दार पांढरंच दिसत होतं.