पहाटेचं पाणी

कारखान्यात सगळे तिला दाई म्हणत. कारखाना म्हणजे तरी काय, समुद्राच्या काठावर पत्र्याचं लांबलचक छप्पर आणि त्याखाली मांडलेल्या टाक्या. त्या टाक्यांत कालवांची पिल्लं वाढवायची, शिंपली जरा टणक झाली की बाहेर खाडीतल्या मळ्यांत नेऊन सोडायची. पिल्लं इतकी बारीक, की ओंजळभर पाण्यात हजारो असली तरी पाणी नुसतं गढूळ दिसावं. दाई मात्र त्यांच्याशी बोलायची, वर दटावायचीसुद्धा.

स्वच्छतेचं तिला वेड होतं. चपला घालून कोणी आत पाऊल टाकलं की संपलंच. मॅनेजरसुद्धा दारात बूट काढून, मोज्यांची भोकं लपवत आत यायचा.

पाणी बदलायचं तेही तिच्या पद्धतीनं. उजाडायच्या आत ती पंप सुरू करायची. होड्या निघाल्या की गाळ ढवळतो, म्हणून पहाटेचं पाणी सगळ्यात नितळ, असं तिला सासूनं शिकवलं होतं. सासू याच टाक्यांवर म्हातारी झालेली, तेव्हा शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

पंपाच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या, कारखान्याच्या मालकीच्या. तिथे तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. मळ्यात काम करताना पाठीवर कालवं टांगायची लोखंडी चौकट पडली, तेव्हापासून. काम गेलं की खोल्या गेल्या, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलत नसत. पडल्या पडल्या तो भिंतीतून पंप ऐकायचा. पंप सुरू झाला की म्हणायचा, "चला, घर चालू झालं."

आणि मग पिल्लं मरायला लागली. टाकीच्या तळाशी पांढरी भुकटी साचायची, बस. दाईनं ठरवून टाकलं, कुठेतरी घाण राहतेय. ती हात धुऊन टाक्यांच्या मागे लागली. घासघासून नखं झिजली. पाणी रोज बदलू लागली, मग सकाळ-संध्याकाळ. जितकं ताजं पाणी द्यावं, तितकी पिल्लं जास्त मरत. शेवटी मालकानं निरोप धाडला, ही एक खेप जगली तर ठीक, नाहीतर कुलूप.

पाणी तपासायला एक मुलगी आली. तिनं टाक्यांत यंत्र बुडवलं, समुद्रात बुडवलं आणि दाईजवळ येऊन बसली.

"मावशी, पिल्लं घाणीनं मरत नाहीत. ताज्या पाण्यानं मरतायत. समुद्र आंबट होत चाललाय."

"आंबट? लिंबू पिळलं की काय कोणी?"

"धूर पिळलाय. गाड्यांचा, गिरण्यांचा. त्यातला बराचसा समुद्र गिळतो. अशा पाण्यात पिल्लांना शिंपली धरता येत नाही. सगळा जीव तिच्यातच खर्च होतो बिचाऱ्यांचा."

"पण मी तर पहाटेचं पाणी घेते. सगळ्यात चांगलं."

"दिवसा ऊन मिळालं की शेवाळ पाण्याचा आंबटपणा थोडा ओढून घेतं. रात्री ते होत नाही. पहाटेचं पाणी सगळ्यात आंबट असतं, मावशी."

दाई टाकीच्या कडेला टेकली. डोळ्यांत तेल घालून जपलेल्या लेकरांना आपणच रोज आपल्या हातानं हे पाजत होतो. तिला भडभडून आलं. सासूचा राग आला, मग वाटलं, तिच्या वेळचा समुद्र तरी कुठे असा होता.

त्या दिवसापासून पहाटेचा पंप बंद. दुपार कलल्यावर थोडंसंच पाणी घ्यायचं, त्यात आंबटपणा मारायला मुलीनं दिलेला सोडा घालायचा, आणि वारा फिरून तळाचं, आणखी आंबट पाणी वर आलं तर तेही घ्यायचं नाही. जुन्याच पाण्यात पिल्लं ठेवायची. टाक्यांना वास यायला लागला. दाईचे हात शिवशिवायचे. पहाटे जाग यायची आणि ती भिंतीला टेकून बसून राहायची.

"पंप का नाही लागला?" नवरा घाबरून विचारायचा.

"झोपा हो. पाणी घ्यायचं नाहीये."

"मग करायचं काय?"

"काही नाही. तेच तर करवत नाही."

पिल्लं जगली. बोटाला खरखर लागेल अशी शिंपली धरली त्यांनी. मॅनेजरला इतका आनंद झाला की तो बुटांसकट आत आला. "दाई, घर वाचलं तुझं! उद्या मळ्यात सोडू."

दाईनं मुलीकडे पाहिलं. "आणि तिथल्या पाण्यात सोडा कोण घालणार?"

"मोठी झाली की थोडं सोसतात ती," मुलगी म्हणाली.

"थोडं म्हणजे किती? आणि दरवर्षी जास्त आंबट झालं तर?"

मुलगी यंत्राची वायर गुंडाळत राहिली.

दाई खोलीत आली आणि नवऱ्याच्या पायाशी बसून रडायला लागली. तो कोपरांवर उठू बघत होता.

"मेली का गं?"

"जगली."

"मग रडतेस कशाला? खोल्या राहिल्या ना?"

"राहिल्या. म्हणूनच पुढच्या वर्षी आणखी वाढवायची. आणि त्याच आंबट पाण्यात सोडून यायची."

तिनं त्याची उशी सारखी केली आणि पिल्लं भरायच्या टोपल्या धुवायला गेली.