दोरीवरचा दामूचा चिमटा

शेडग्यांचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "गायकवाड, आपला दामू गेला. सकाळी चहाला उठवायला वहिनी गेल्या, तर..." खरं सांगतो, आधी मला दुःख झालंच नाही, हेवा वाटला. ना इस्पितळ, ना नळ्या, ना कुणाची परवानगी. जन्मभर म्हणायचा तसाच, कुणाला न विचारता गेला. मग प्राजूला, माझ्या मुलीला, फोन लावला. ती महाप्याला ऑफिसात पोचली होती. ऐकल्यावर ती अशी रडली की मी गालावरचा साबण तसाच ठेवून उभा राहिलो, आणि मनात आलं, माझ्या वेळी ही इतकी रडेल का? दामूला जाऊन आता महिना उलटलाय. त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही.

दामू पाटील मूळचा घणसोली गावचा. शहर वसवायला सरकारनं त्यांची भातशेती आणि खाडीकाठचं मिठागर घेतलं, तेव्हा तो शाळेत होता. घरात नोटीस वाचता येणारा तो एकटाच. "जमीन गेली ही खबर बापाला माज्याच तोंडून कलली," एवढंच तो एकदा म्हणाला होता, आणि लगेच उठून चहाचे कप गोळा करायला लागला होता. मी मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलो, सरकारी वसतिगृहात जेवलो, सरकारी कचेरीतून निवृत्त झालो. सरकार नसतं तर मी वेशीबाहेरच राहिलो असतो. तेव्हा आमचं दोघांचं जमावं असं काहीच नव्हतं. पण नोकरीच्या सुरुवातीला मी त्याच्याच खोलीत भाड्यानं राहिलो, आणि पुढे टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तरी रविवारचा सकाळचा चहा त्याच्या ओट्यावरच राहिला.

दोरीची गंमत तिथलीच. एका रविवारी हेल्मेटच्या सक्तीवरून आमची जुंपली. सगळे एकदम ओरडत होते. वहिनी ओट्यावर खांबापासून खिडकीपर्यंत बांधलेल्या दोरीवरचे कपडे काढत होत्या, दामूनं त्यांच्या हातातले चिमटे घेतले आणि प्रत्येकाला एकेक दिला. "ह्या खांबाकडं म्हंजे सगला सरकारनं करायचा. त्या खिडकीकडं म्हंजे सरकारनं उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाय. लावा आपापल्या जागी, बोंबलू नका." स्वतःचा निळा चिमटा त्यानं पार खिडकीच्या गजाला टेकवून लावला. मी माझा खांबापासून वीतभर. शेडगे तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना कारखान्याच्या धुरासाठी सरकार हवं होतं आणि स्कूटरसाठी नको होतं, म्हणून त्यांनी दोन चिमटे मागितले. मी हरकत घेतली. दामू म्हणाला, "एका मानसाला दोन मतं असली त कोनाचा काय जाते?" तेव्हापासून दर रविवारी चहानंतर चिमटे बघायचे, कुणाचं मत बदललं असेल तर सरकवायचे. नियम एकच होता, दामूचा. चिमटा ज्याचा, हात त्याचाच. दुसऱ्याच्या चिमट्याला कुणी शिवायचं नाही.

प्राजू कॉलेजात असल्यापासून यायची. तिनंच एकदा सांगितलं, "काका, सरकारनं कशात लुडबूड करू नये म्हणणाऱ्या तुमच्यासारख्या लोकांना लिबर्टेरियन म्हणतात." दामू म्हणाला, "म्हनू दे. फारम भरायला लागनार नसंल त चालंल." ती खो खो हसली. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसल्याचं मला आठवत नाही. घरी मी काही सांगायला लागलो की ती मोबाइल हातात घ्यायची, आणि ओट्यावर त्याचं बोलणं हनुवटी तळहातावर ठेवून ऐकायची. तिचा पिवळा चिमटा सुरुवातीला माझ्याशेजारी होता. महिन्या-दोन महिन्यांनी तो थोडा थोडा दामूच्या चिमट्याकडे सरकत गेला. मी मोजत होतो, बोटांनी.

गेल्या वर्षी दामू मला पालिकेच्या दवाखान्यात रांगेत दिसला. मी मनात म्हटलं, सापडला! रविवारी सगळ्यांसमोर विचारलं, "काय दामूशेठ, सरकारचं औषध चालतं वाटतं?" तो शांतपणे म्हणाला, "आमच्याच शेतावर उबा हाय ना तो दवाखाना. शेत कसा हाय ते बघायला गेल्तो." सगळे हसले. प्राजू तर उठलीच, आणि जाऊन तिचा चिमटा त्याच्या चिमट्याला टेकवून आली. मग ती निघून गेली, शेडगे चपला शोधत होते, दामू कप घेऊन आत गेला. मी उठलो आणि त्याचा निळा चिमटा उचलून दोरीच्या मधोमध लावला. साठी उलटलेला माणूस मी.

पुढच्या रविवारी शेडग्यांनी विचारलं, "काय शेठ, सरकलात?" दामूनं दोरीकडे पाहिलं, म्हणाला, "आसू दे." बस, एवढंच. मला वाटलं, हरला. आणि घरी येताना प्राजू म्हणाली, "बाबा, या वयात मत बदलायला केवढं मोठं मन लागतं ना?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लबाडी माझी, आणि मोठेपणा पुन्हा त्याच्याच पदरात!

तो गेल्यावर मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज वहिनींनी मलाच भरायला सांगितला. आयुष्यभर फॉर्म टाळणाऱ्याचा शेवटचा फॉर्म माझ्या अक्षरात... मला वाटलं होतं, मनात कुठेतरी जिंकल्यासारखं होईल. त्याचं नाव लिहिलं, आणि ते पुन्हा पुन्हा वाचत बसलो. तेराव्यानंतर दाखला द्यायला गेलो, तर दोरी तशीच होती. निळा चिमटा मधोमध.

"वहिनी, हा इथेच राहिला," मी उगाच म्हणालो.

त्या दाखल्याची घडी घालत म्हणाल्या, "त्यांनी बगितला होता आतून, तुमी हलवला तवा. मी म्हटला, परत लावते. त नाय बोलले. ज्यानं हलवला त्याला वाटंल तवा तोच लावंल, बोलले. त्याला कोनी सांगायचा नाय, न आपन हात लावायचा नाय."

वर्षभर, दर रविवारी, तो माझ्यासमोर बसून मला चहा देत होता.

मी चिमटा काढला. पूर्वीची जागा शोधावी लागली नाही. खिडकीच्या गजापाशी दोरीवर गंजाचा डाग पडला होता, इतकी वर्षं तो तिथेच होता म्हणून. तिथे लावला. मग माझा चिमटा उचलून त्याखालची दोरी पाहिली. कुठेच डाग नव्हता. प्राजू सरकेल तसा मीही गुपचूप बोट-बोट सरकत आलो होतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. दामूचा मला अजून हेवा वाटतो.

हे प्राजूला तोंडानं सांगायला मला जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय. ती हे वाचेल. वाचून ती आपला पिवळा चिमटा कुठे लावेल, ते मी तिला विचारणार नाही. रविवारी ओट्यावर गेलो की आधी दोरीकडेच बघेन, एवढं मात्र खरं.