मायचं नाव कोणी कापलं

सरहद्दीच्या तेलुगू बाजूला असलेल्या आमच्या गावात भांडायचं मराठीत आणि मत टाकायचं तेलुगूत. यादी तेलुगूत, चिठ्ठी तेलुगूत. मी मराठी शाळेचा मास्तर, पण परीक्षा देऊन तेलुगू शिकलो आणि त्याचा मला भारी माज. आमच्या वस्तीत कोणाकडे कागद आला की तो माझ्या दारी. "मास्तरले दाखवा, मास्तर वाचते." वाचायचो खरा. बोलणं मात्र बेताचंच.

माझ्या मायनं एकही मतदान चुकवलं नव्हतं. पांढरं लुगडं नेसून सकाळी सातच्या आधी रांगेत पहिली. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचलेली बाई. एकदा मी विचारलं, एवढी घाई काऊन? तर म्हणाली, "बावा, त्या एका दिवशी पाटलीण माह्या मांगं उभी राह्यते."

मतदार यादीचं काम करणारी बाई घरोघर फिरत आमच्याकडे आली, तेव्हा माय सरहद्दीपलीकडे माझ्या बहिणीच्या घरी गेली होती. बाई नवी, मराठीचा गंध नाही. तिनं विचारलं, "अम्मा एक्कडा?" माय कुठे आहे? मी ऐटीत म्हणालो, "पोयिंदी." गेली. "एप्पुडु?" कधी? "पोयिना वारम." मागच्या आठवड्यात. "अय्यो!" म्हणत तिनं एक कागद पुढे केला. शाळेची वेळ झाली होती. तिनं बोट ठेवलं तिथं न वाचताच सही ठोकली आणि निघालो.

यंदा सरपंचकीला आमच्या वस्तीतली एक सून उभी राहिली. दहावी शिकलेली, तोंडाची फटकळ. तोवर आमचा कल म्हणजे काय, तर ज्याच्या वावरात कामाला जायचं त्याच्या चिन्हावर शिक्का मारायचा. यंदा पहिल्यांदा वस्ती एकजीव झाली. मोठ्या आळीतले पाटील आणि वावरवाले धास्तावले होते.

मतदानाच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या वाटल्या. माझी आली, बायकोची आली, मायची नाही. पंचायतीत जाऊन यादी पाहिली, तर नाव कापलेलं! माझं डोकंच फिरलं. तिथंच मोठ्या आळीच्या माणसांवर तुटून पडलो. "आमची बाई उभी राह्यली तं जित्या माणसाचं नाव कापता? लाजा नाई वाटत तुमाले?" ते शपथा घालत होते. मी ऐकतो कशाला!

रात्रीतून सगळीकडे पसरलं. सकाळी वस्ती विहारासमोर जमली. माय पांढरं लुगडं नेसून पायरीवर बसलेली. "मी काय मेली का रे?" एवढंच म्हणत होती. कोणीतरी उठून म्हणालं, आज मायचं कापलं, उद्या आपलं कापतील. तिचं मत नाही तर आपलंही नाही. झालं. भल्या सकाळी मत टाकून आलेले सोडले, तर बाकी सगळे मांडी ठोकून बसले. उभी राहिलेली सून हातापाया पडत होती, "अरे, मत टाका, मंग भांडा!" तिचं कोण ऐकणार? मास्तर स्वतः तावातावानं बोलत होता ना.

अकराच्या सुमाराला मी बूथवर गेलो. यादीवाली बाई बाहेर बसली होती. तिला फाडून खायच्या तयारीनं गेलो होतो. तिनं शांतपणे पिशवीतून कागद काढला. मयत म्हणून नाव वगळण्याचा अर्ज. खाली माझी सही. "सार, तुम्हीच सांगितलं," ती तेलुगूत म्हणाली. "पोयिंदी म्हणाला. मागच्या आठवड्यात."

गेली. आपल्याकडेही म्हातारं माणूस 'गेलं' म्हटलं की कोणी गाडीचं तिकीट विचारत नाही. एवढं मास्तरला कळू नये?

मतदान एक वाजेपर्यंत. हातात दोन तास होते. विहार हाकेच्या अंतरावर. जाऊन सांगितलं असतं, लोकहो, माझीच चूक, उठा, मत टाका, तर हसले असते, शिव्या घातल्या असत्या, आणि उठलेही असते. मी बूथसमोरच्या चिंचेखालीच उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, लाजेपेक्षा माज मोठा होता. एक वाजला. दार बंद झालं.

दुपारीच मोजणी झाली. आमची सून पडली, तीही इतक्या थोडक्यात, की दोन घरं उठून गेली असती तरी पुरे होतं. मोठ्या आळीनं फटाके फोडले. मला लोक म्हणाले, मास्तर, तुमी लढले. आणि मी मान हलवली. थू!

आठ दिवस मायनं पाटलाच्या घराकडे पाहिलं नाही. पाटलीण बोलायला आली तर तोंड फिरवलं. गल्लीत सांगत सुटली, माह्या पोरानं माह्यासाठी अख्ख्या गावाशी वैर घेतलं. ते मला सहन होईना. एक दिवस ती भाकर थापत होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं. शब्द, सही, ते दोन तास.

तिनं तव्यावरची भाकर उलटवली. मग म्हणाली, "त्यायनं मारलं म्हून मी त्यायच्याशी भांडून राह्यली होती. तू मारलं. आता मी कोनाशी भांडू?"