आईच्या उरलेल्या गोळ्या

आई गेल्यावर तिचे कपडे, चष्मा, वॉकर, सगळं महिन्याभरात देऊन टाकलं. एक पाकीट तेवढं कपाटात कुलपाआड राहिलं. त्यात मॉर्फिनच्या अठरा गोळ्या होत्या. कॅन्सरच्या शेवटच्या सात महिन्यांत तिचं दुखणं त्यांनीच आवरलं होतं. या गोळ्या साध्या दुकानात मिळत नाहीत. आम्ही त्या ज्या हॉस्पिटलमधून आणायचो, तिथेच उरलेल्या परत करायला सांगितलं होतं. मला ते वेगळं सांगायची गरज नव्हती, कारण मुलुंड पूर्वेला माझं स्वतःचं औषधांचं दुकान आहे आणि काउंटरवर फार्मासिस्ट मीच. तरी मी ते काम पुढे ढकलत राहिले.

आमच्या शेजारच्या घरात काका-काकू. बिल्डिंग तीन मजली, लिफ्ट नाही, आणि आमच्या दोन घरांत एकच भिंत. काका भांडुपच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांचा फुप्फुसाचा कॅन्सर पाठीच्या मणक्यात पसरला होता. आईच्या आजारपणात काकूंनी रोज दुपारी तिला भरवलं, म्हणून मी दुकान उघडू शकले.

एका शनिवारी दुपारी काकू दुकानात आल्या आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांच्या बेंगळुरूच्या मुलीने व्हिडिओ कॉलवर एका डॉक्टरला काकांना दाखवलं होतं. त्याने लगेच प्रिस्क्रिप्शन पाठवलं होतं. खाली सही होती, नोंदणी क्रमांक होता, आणि औषधाच्या जागी मॉर्फिन. फोनवर आलेल्या प्रिस्क्रिप्शनवर मी दिवसभर बीपीच्या, शुगरच्या गोळ्या देते. काही औषधं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून देते. पण हे औषध व्हिडिओवरून लिहून देता येत नाही, आणि ते ठेवायचा परवाना माझ्याकडे नाही. काकूंना मी हे समजावलं. हॉस्पिटलच्या डॉक्टरने काकांना समोर तपासायला हवं, आणि ती ओपीडी आता सोमवारी उघडेल, हेही सांगितलं.

काकूंनी फोन पिशवीत ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुझ्या आईच्या उरल्या असतील ना गं?"

"नाही काकू. संपल्या."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

मी खोटं का बोलले, याची कारणं मी नंतर बरीच जमवली. काकांना धाप लागायची, चुकीच्या डोसने त्यांचा श्वास मंदावला असता. आईला त्या गोळ्यांची सवय झालेली, काकांनी कधी घेतलेली नव्हती. ही कारणं खरी आहेत. पण ती घरी चालत जाताना सुचली. काउंटरवर उभी असताना डोक्यात एकच आलं होतं, माझ्या दुकानाचं लायसन्स.

रविवारी दुपारी भिंतीपलीकडून काकांचा आवाज येत होता. ओरडणं नव्हे. एक लांब कण्हणं, मग गप्प, मग पुन्हा. मी टीव्ही लावला आणि बंद केला. एकदा कपाट उघडलंही. पाकीट हातात घेतलं, डोसचा हिशेब केला, अर्धी गोळी दिली तर काय, इथपर्यंत आले. मग परत ठेवून कुलूप लावलं आणि काकांची फाइल मागून घेऊन सोमवारच्या कागदांची जुळवाजुळव करत बसले. काकूंना वाटलं, मी किती धावपळ करतेय.

सोमवारी बिल्डिंगमधल्या चौघांनी काकांना खुर्चीवर बसवून जिने उतरवले. प्रत्येक पायरीला त्यांचा चेहरा बदलत होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं, कागद भरला, गोळ्या लिहिल्या. खिडकीतून पाकीट आलं. आईला मिळायच्या तशाच गोळ्या, त्याच ताकदीच्या. सुरुवात अर्ध्या गोळीने करा, असं त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी काका दोन घास जेवले.

पंधरा दिवसांनी काकूंबरोबर मी पुन्हा तिथे गेले. त्यांना पुढच्या गोळ्या घ्यायच्या होत्या, आणि मी आईचं पाकीट सोबत घेतलं होतं. काकू बाकावर बसल्यावर गुपचूप परत करू, असा माझा बेत. पण खिडकीतल्या माणसाने नियमाप्रमाणे सगळं मोठ्याने विचारलं. पेशंटचं नाव काय, पेशंट वारले का, शिल्लक किती. मग माझ्यासमोर अठरा मोजून लिहिल्या आणि माझी सही घेतली.

वळले तर काकू मागेच उभ्या होत्या.

"होत्या तर," त्या म्हणाल्या.

"होत्या."

त्या पुढे सरकल्या आणि त्यांनी आपला कागद खिडकीत दिला. रिक्षात मला सगळं सांगायचं होतं, धापेचं, डोसचं, लायसन्सचंही. पण कुठून सुरुवात करावी ते कळेना, आणि नाक्यावर उतरल्यावर त्या भाजी घ्यायला वळल्या.

काका आणखी पाच आठवडे जगले, बरेचसे शांत. त्यांच्या तेराव्याला काकूंनी मला आग्रहाने वाढलं. आजही जिन्यात भेटल्या की तब्येत विचारतात. त्यांची बीपीची गोळी मात्र आता स्टेशनजवळच्या दुकानातून येते. गुडघे दुखत असताना त्या तिथवर चालत जातात, माझ्या दुकानावरूनच, आणि जाताना हात करतात. मीही हात करते. त्यांना थांबवून बोलावं असं दर वेळी वाटतं, तोवर काउंटरवर कुणीतरी प्रिस्क्रिप्शन उघडलेला फोन पुढे करतं आणि मी डॉक्टरचं नाव, तारीख वाचायला लागते.