एक ठोकळा कमी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांएवढा न कळणारा माणूस सुरतेच्या अख्ख्या गोडादऱ्यात दुसरा नसेल. तरुणपणी धुळ्याकडून आले, जन्मभर कापड विणायचे लूम दुरुस्त केले, आता एकटेच राहतात आणि माझ्या मुलीबरोबर ठोकळे खेळतात. खेळतात म्हणजे नेमकं काय करतात, हे वर्षभर पाहूनही मला उमगलं नाही. मनोरा पडला की कुठलंही पोर लगेच हात घालतं. हे मात्र सायलीला हात मागे बांधून उभं करणार आणि स्वतःही शेजारी तसेच उभे राहणार. बंद पडलेला लूम आधी डोळ्यांनी बघायचा, मग हातांनी, हा त्यांचा नियम. एकदा मी भाजी घेऊन आलो तेव्हा दोघं असे उभे होते. वर जाऊन चहा पिऊन खाली आलो, तरी तसेच.

त्याहून विचित्र म्हणजे, पूल बांधायला घेतला की हे हमखास एक लांब ठोकळा खिशात घालत. सायली आधी रडायची, मग दोन आखूड जोडून काम भागवायची. नवाकोरा खोका मी हौसेनं आणलेला, म्हणून एकदा चिडून विचारलंच. "पुरा सामानवर तं कोनी बी बांधस, भाऊ," ते म्हणाले.

माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. वजाबाकी येत नसेल तर सायलीला बालवर्गातच ठेवू, असं शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या. शेवटची संधी म्हणून त्यांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, सातातून तीन गेले तर किती राहिले? सायलीनं हात मागे बांधले आणि गप्प उभी राहिली. झालं! मी मनातल्या मनात काकांचा उद्धार केला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "चार. पण तीन कोणी नेले?" बाई हसल्या. पोरगी पहिलीत गेली.

पेढे घेऊन मी खाली गेलो आणि काकांच्या शिकवण्याचं तोंडभरून कौतुक केलं. ते गोंधळले.

"माले कोठे गनित येस, भाऊ? मी एकला व्हतू. पोर ये, तं दिन जाये."

आता सायलीला पहिलीचा अभ्यास असतो, शिकवणी असते. खाली जायला तिला वेळच होत नाही. मी कामावरून येतो तेव्हा काका दारात बसलेले असतात. पोर कशी आहे, विचारतात. मला फार अपराधी वाटतं. मजेत आहे, असं सांगून मी घाईघाईनं जिना चढतो.