दादांचा आवाज आणि दोनशेचा आकडा

माझ्या वडिलांचा आवाज बारीक होता, हे उमापूरच्या पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होतं. विसरलो होतो तो फक्त मी.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा आईनं एकच मागणं मागितलं. "वर्षश्राद्धाला बाकी काई करू नको. येकडाव त्येंचा आवाज आयकव."

दादांचा आवाज उरला होता तो एकाच कॅसेटवर. आधीच्या एका दुष्काळात सोसायटीनं दुधाचा टँकर पाण्याला लावला होता, त्या दिवशी त्यांनी केलेलं ते भाषण. माझ्या मेव्हण्याचं गेवराईला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून दिली आणि म्हणाला, "दाजी, मोबाइलवर लावा. झकास आयकू येतंय."

मोबाइलवर! चेअरमनचा आवाज मोबाइलवर? मी सरळ होम थिएटर घेऊन आलो. पाच चिमुकले स्पीकर, आणि सबवूफर नावाचा एक जाडजूड काळा डबा.

मेव्हण्यानं फोनवर समजावलं ते असं. बारीक आवाज स्पीकरनं काढायचे, जाड आवाज डब्यानं. कुणाची हद्द कुठं संपते ते ठरवणारं बटण डब्याच्या पाठीमागं असतं. त्यावर पन्नासपासून दोनशेपर्यंत आकडे. "ऐंशीवर ठिवा," तो म्हणाला. आता हद्दीचा विषय निघाला की आमच्याकडं कुणी स्वतःहून मागं सरत नाही. (शेताचा बांध दरवर्षी वीतभर कोरणारी माणसं आम्ही!) मी बटण थेट दोनशेवर नेऊन ठेवलं. आवाजही पूर्ण सोडला. वडिलांसाठी हात कशाला आखडता घ्या?

डबा ठेवायला जागा मिळाली ती पाण्याच्या ड्रमांशेजारी. टँकर पाच दिवस आला नव्हता, त्यामुळं सगळे ड्रम ठणठणीत कोरडे होते.

श्राद्धाच्या सकाळी आई डोक्यावर पदर घेऊन दादांच्या फोटोसमोर बसली. हात जोडलेले. मी बटण दाबलं.

घर्र्र्र्र!

त्या सभेच्या दिवशी वीज नव्हती, म्हणून मागं डिझेलचं जनरेटर चालू होतं. मोबाइलवर ते कुणाला ऐकूही आलं नसतं. माझ्या डब्यानं ते उकरून काढलं! रिकामे ड्रम घुमायला लागले, घरावरचे पत्रे थरथरले, आणि त्या सगळ्या घरघरीतून, जणू विहिरीच्या तळातून, कुणीतरी म्हणालं, "बाऽऽयांऽऽनो..."

आई दचकून मागं सरकली. "कोन हाय ह्यो?"

"दादा हायत, आई."

"तुजा बाप असा रेड्यावानी वरडत न्हवता."

"भारदस्त वाटतंय की!"

आईनं फोटोकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. वर्षभर वाट पाहिली होती तिनं, आणि मी तिच्यापुढं भलताच माणूस आणून बसवला होता. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायलाही सवड मिळाली नाही, कारण तेवढ्यात बाहेर आरोळी उठली.

"टँकर आला गं!"

दुष्काळात माणसाचे कान तिखट होतात. चढावर घरघरणारा टँकर आमच्या गल्लीला झोपेतही कळतो. दोन मिनिटांत अंगण हंड्या-घागरींनी भरून गेलं! शेजारच्या केशरकाकू सगळ्यांना कोपरानं ढकलत उंबऱ्यापर्यंत आल्या. "कावून थांबलाव? नळी सोड की!"

"काकू, टँकर न्हाई. दादा हायत."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं, मग फोटोकडं, मग पुन्हा माझ्याकडं. त्यांच्या मागं नंबरावरून भांडण पेटलं होतं. एक घागर चेपली. दोघी-तिघींच्या झिंज्या कुणाच्या तरी हातात होत्या!

मी मेव्हण्याला फोन लावला. तो गोंधळ ऐकून म्हणाला, "कितीवर ठिवलंय?"

"दोनशेवर."

"दाजी, त्यो काय कांद्याचा भाव हाय व्हय? डबा बंद करा आदी!"

मी डब्याची पिन उपटली. घरघर थांबली. आणि त्या चिमुकल्या स्पीकरांतून दादा बोलले. बारीक, थोडासा चिरका, अगदी त्यांचा आवाज.

"बायांनो, वळीनं उभ्या ऱ्हावा. टँकर पळून चाल्लेला न्हाई. म्हातारी मान्सं म्होरं घ्या. समद्यास्नी पानी मिळंल."

झिंज्या धरलेले हात सुटले. कुणी हसलं नाही. सगळ्यात पुढं घुसलेल्या केशरकाकू हंडा उचलून मुकाट्यानं शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. एक एक करून सगळ्या बायका ओळीत आल्या. थेंबभर पाणी नसताना माझ्या दारात सरळ रांग लागली होती! कुणीतरी नाक ओढलं. आईच्या डोळ्यांतून धार लागली होती, पण चेहरा फुलला होता.

"हां," ती म्हणाली. "ह्योच."

तिच्या सांगण्यावरून ते भाषण आम्ही तीनदा लावलं.

इथं थांबलो असतो तर चार माणसांत माझी अब्रू राहिली असती. पण दुपारी जेवणाच्या पंगतीला पाव्हणे जमले, आणि हद्द म्हणजे काय ते समजावून सांगायला मी डब्याची पिन परत लावली. घर्र्र्र! दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा घरघर आली तेव्हा डबा बंद होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गल्लीच्याही नाही.

"बसा गं," केशरकाकू पलीकडून ओरडल्या. "चेअरमन बोलायलेत!"

खरा टँकर चढ चढून आला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी घटकाभर थांबला, कुणी येईना म्हणून खालच्या आळीला गेला आणि तिथंच रिकामा झाला. आमच्या वाट्याला चाकांनी उडवलेली धूळ आली.

संध्याकाळी आईनं कोरड्या ड्रमांकडं पाहिलं, मग डब्याकडं, मग माझ्याकडं.

"तुजा बाप बारीक बोलायचा," ती म्हणाली, "पर गल्लीला पानी मिळायचं."