शेरा: शनिवारी येतील

सत्त्याहत्तराव्या वर्षी स्टेफानिया ह्रिन्चुक पुन्हा नोकरीला लागली. काम जुनंच. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड, हातात वायरी. फरक इतकाच, की या बोर्डाच्या पलीकडे कुणीच नव्हतं.

विनिपेगला नदीकाठच्या एका गोदामात टीव्हीवाल्यांनी १९७० सालचं टेलिफोन एक्स्चेंज उभं केलं होतं. मालिका हेरांची होती. व्हिएतनामच्या लढाईवर जायचं नाही म्हणून सीमा ओलांडून कॅनडात आलेली अमेरिकन मुलं, त्यांना घरात ठेवून घेणारी माणसं, युद्धाविरुद्धचे मोर्चे, आणि त्या सगळ्यांत मिसळून बातम्या काढणारे गुप्त पोलीस. गोष्टीत एक टेलिफोन ऑपरेटरही होती. ती भूमिका करणाऱ्या रोवेनाला ऑपरेटरचं बसणं-बोलणं शिकवायला स्टेफानियाला बोलावलं होतं.

रोवेनाचे आईवडील फिलिपिन्सचे. ती पहिल्या दिवसापासून स्टेफानियाला ‘लोला’ म्हणायला लागली, म्हणजे आजी.

“लोला, आठ तास असं ताठ बसायचात? आणि बाथरूमला?”

“हात वर करायचा. सुपरवायझरबाईंनी बघितलं तर जायचं.”

“नाही बघितलं तर?”

“तर टोरांटो लावून द्यायचं आणि कळ काढायची.”

दुपारी सगळे जेवायला गेले की स्टेफानिया बोर्डासमोर एकटीच बसून राही. बल्ब खरे होते. कुणीतरी मागून ते उगाच लावी, विझवी. एक दिवा लागला की तिचा हात आपोआप उचले. मग गोदाम कुठल्या कुठे जाई. गोठलेल्या नदीखालून पाणी वाहावं तसे जुने आवाज कानाखालून वाहू लागत. बाळ झाल्याचं सांगणारे, मका विकला का विचारणारे, नुसतेच श्वास घेणारे. तिनं आयुष्यात लग्न केलं नाही, फारशी कुठं गेली नाही. पण वाटे, अर्ध्या खंडाच्या स्वयंपाकघरांत आपण पाच-पाच सेकंद उभं राहून आलोय.

“लागला का नंबर?” हाल्वर ब्रेक्के विचारी.

हाही एक सल्लागार. नॉर्थ डकोटाचा शेतकऱ्याचा मुलगा, एकोणिसाव्या वर्षी पळून आलेला. मालिकेतल्या मुलांचे बूट, केस, पिशव्या बरोबर आहेत का, ते पाहणं त्याचं काम. रोज डब्यात बटाट्याच्या पातळ पोळ्या आणी. लेफ्से म्हणत त्यांना; त्याच्या नॉर्वेतल्या आजीची कृती. एक तिच्यापुढे सरकवी.

“तुमच्या आजीला बघवलं नसतं,” ती म्हणे. “इतकी जाड.”

“आजीला माझी कुठलीच गोष्ट बघवायची नाही. खा.”

दीड महिना असा गेला. आपण या माणसाच्या खुर्चीची वाट पाहतो, हे स्टेफानियाला हल्ली कळू लागलं होतं. उशिरा कळलं, पण कळलं.

एका दुपारी दिग्दर्शकबाईंनी नव्या भागाचे कागद वाटले. त्यात ती ऑपरेटर हेरांना फितूर होती. मुलगा घरी फोन लावतो, ही ऐकते, आणि लिपस्टिकच्या डबीत चिठ्ठी घालून पोचवते.

हाल्वर हसला. “लिपस्टिक? फितूर माणूस एवढं नटत नाही. आमचा फितूर शेणानं भरलेले बूट घालून हिंडायचा. माझा चुलतभाऊ, लायल.”

“काय केलं त्यांनी?” रोवेनानं विचारलं.

मग त्यानं सांगितलं. घरी येणाऱ्या फोनच्या बिलांवर पोलिसांची पाळत होती. म्हणून तो पीपी ट्रंक कॉल लावायचा. ज्याला बोलवायचं तो माणूस घरी नसेल तर बिल नाही. तो ऑपरेटरला खोटंच नाव द्यायचा, आई म्हणायची, ते घरी नाहीत; आणि मुलगा जिवंत आहे एवढं तिला कळायचं. वडील अगदी मरणाला टेकले होते तेव्हा लायलमार्फत ठरलं, की यायला वाट मोकळी झाली की आईनं वार सांगायचा.

“मी मिस्टर इलायस फ्रॉस्टना मागितलं. आई म्हणाली, ते शनिवारी येतील. शनिवारी पहाटे लायलनं मला सीमेवरच्या शेतातून नेलं. घराच्या अंगणात पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या. आईला, मला आणि लायलला, तिघांनाच ठाऊक होतं. मला दोन वर्षांची शिक्षा झाली. लायलला नुसतं घरी पाठवलं.” त्यानं डब्याचं झाकण लावलं. “वडिलांच्या खिडकीतला दिवा दिसला. बस्स, तेवढंच. सुटल्यावर इकडेच परतलो. लायलशी बोललो नाही त्यानंतर.”

स्टेफानियाच्या कानात हेडफोन नव्हता. तरी तिला ते नाव ऐकू आलं, तरुण, थोडं घोगरं. *इलायस फ्रॉस्ट.* मागोमाग आपलाच पेनही दिसला.

ट्रंक कॉल लागो न लागो, प्रत्येकाचं कार्ड भरायचं असा नियम होता. मागितलेला माणूस, नंबर, वेळ, आणि शेवटी शेऱ्याची जागा. बाकीच्या मुली शेरा कोरा सोडत. कुणाला वेळ होता? स्टेफानिया सोडत नसे. तिची कार्डं आंधळ्यालाही वाचता येतील, असं सुपरवायझरबाई म्हणायच्या, आणि ते ऐकायला तिला आवडायचं. त्या वर्षी लांब कोट घातलेला एक सभ्य गृहस्थ दर गुरुवारी यायचा आणि अमेरिकेला लावलेल्या कॉलच्या कार्डांचा गठ्ठा चाळायचा. तो कोण, हे कुणी विचारत नसे.

शेरा: शनिवारी येतील. पहिल्या अक्षराच्या गाठीसकट तिला ते दिसलं.

पुढचे चार दिवस ती लेफ्से खाऊ शकली नाही. दात दुखतो म्हणाली. सांगितलं तर ती खुर्ची रिकामी होणार, हे उघड होतं. न सांगितलं तर सीमेपलीकडे एक म्हातारा फितूर म्हणूनच मरणार. बोर्डासमोर बसलं की सगळे दिवे आता एकाच घरातून लागल्यासारखे वाटत.

पाचव्या दिवशी दिग्दर्शकबाईंनी कॅमेऱ्यासाठी तिच्या हातानं काही कार्डं लिहून मागितली. तिनं पेन घेतला आणि खाली ठेवला. हाल्वरच्या शेजारी जाऊन बसली.

“हाल्वर, लायलनं सांगितलं नव्हतं. मी लिहिलं होतं.”

तिनं सगळं सांगितलं, कार्ड, शेरा, गुरुवार. ठाऊक नव्हतं, असंही म्हणाली. मग म्हणाली, “खरं म्हणजे ठाऊक करून घेतलं नव्हतं.”

त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग डबा पिशवीत घातला, कोट चढवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही. रोवेना दोनदा खुर्चीकडे पाहून गेली. बाहेर सप्टेंबरचं ऊन, आत शूटिंगसाठी कागदाचा बर्फ पडत होता, आणि त्या बर्फात स्टेफानिया रोवेनाला शिकवत होती, कार्डाला हात कसा लावायचा ते.

चौथ्या दिवशी तो आला. खुर्ची ओढून बसला. डबा नव्हता.

“मी फोन ठेवल्यावर,” तो म्हणाला, “आई लगेच ठेवायची का?”

बोर्डावरचा एक दिवा लागला, विझला.

“नाही. त्या दिवशी नाही ठेवला. मी कार्ड भरत होते, लाइन उघडीच होती. त्या म्हणाल्या, ‘बाई, त्या मुलाला सर्दी झालीय का हो?’ आम्हाला गिऱ्हाइकाशी बोलायची मनाई होती. मी म्हटलं, ‘थोडी वाटली.’ मग त्या म्हणाल्या, ‘तो मफलर घालत नाही.’ आणि मग ठेवला.”

हाल्वरनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. काच तशीच धूसर राहिली.

“हे नव्हतं लिहिलंत कार्डावर?”

“नाही. हे मीच ठेवून घेतलं.”

“एवढं तरी बरं केलंत.” तो म्हणाला. “मी रागावलोय. अजून पुष्कळ दिवस रागावलेला असेन.”

“असा.”

“तरी तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल. लायल अजून त्याच शेतावर आहे, गाडीनं दीड तास. मी एकटा गेलो तर त्याला वाटेल म्हातारपणी मऊ पडलो. तुमच्या तोंडून ऐकलं तर खरं वाटेल.”

“ते मला दारातूनच घालवतील.”

“मग दोघांनाही घालवेल. मी पंचावन्न वर्षं त्याच लायकीचा आहे.”

स्टेफानियानं हात मांडीवर ठेवले.

“रिकाम्या हातानं नाही जायचं कुणाकडे,” ती म्हणाली. “मी पेरोगी करून आणते, आमच्याकडचे उकडलेले कानवले. बटाट्याचे, नाहीतर कोबीचे. त्यांना कुठले आवडतात?”

हाल्वर विचार करू लागला. त्याचे ओठ हलले, थांबले, आणि चेहऱ्यावर हळूहळू एक प्रकारची भीती पसरली.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “लहानपणी तो काय खायचा, ते मला आठवतच नाही.”

“मग दोन्ही करते,” स्टेफानिया म्हणाली.